देव कोणता, ते आधी सांगा

नास्तिक आणि अज्ञेयवादी यांच्यात फरक काय, यावर आपल्याकडे होणारी चर्चा बहुतेक वेळा दोन टोमण्यांवर येऊन अडते. पहिला टोमणा नास्तिकाला: सगळं विश्व पालथं घालून आल्यासारखा ‘देव नाही’ म्हणतो, केवढा हा अहंकार! त्यापेक्षा ‘मला माहीत नाही’ म्हणणारा अज्ञेयवादी बरा, निदान नम्र तरी आहे. दुसरा टोमणा अज्ञेयवाद्याला: आतून सगळं पटलेलं आहे, पण सासुरवाडीला आणि सोसायटीला तोंड द्यायची छाती नाही, म्हणून कुंपणावर बसलाय. व्याख्यानमालेतली प्रश्नोत्तरं असोत की वृत्तवाहिनीवरची चर्चा, विषय याच्या पुढे सरकत नाही. गंमत म्हणजे दोन्ही टोमणे मारणारे एक गोष्ट धरूनच चालतात, की आस्तिक एका टोकाला, नास्तिक दुसऱ्या टोकाला आणि अज्ञेयवादी बरोबर मधोमध. म्हणजे आठ आणे आस्तिक, आठ आणे नास्तिक.

माझ्या मते हा फरक स्वभावाचा नाहीच. त्याचा नम्रतेशी संबंध नाही आणि धैर्याशीही फारसा नाही. ‘देव आहे’ हा दावा नेमका कोणत्या देवाबद्दल केला जातोय, आणि तो देव असता तर त्याची काही खूण आपल्याला दिसायला हवी होती का, यावर तो ठरतो. खूण दिसायला हवी होती आणि दिसत नाही, तिथे नास्तिक होणंच तर्काला धरून आहे. खूण दिसण्याची मुळातच सोय नाही, तिथे ‘ठाऊक नाही’ हेच प्रामाणिक उत्तर. त्यामुळे एकच माणूस एका देवाबाबत नास्तिक आणि दुसऱ्या देवाबाबत अज्ञेयवादी असू शकतो. असू शकतो काय, नीट विचार केला तर त्याला तसं व्हावंच लागतं.

इथे कुणीतरी हमखास उठून सांगतं, की आपल्या परंपरेत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा, देव न मानणारा नव्हे. खरं आहे. मनुस्मृती वेदनिंदकालाच नास्तिक म्हणते, आणि जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारे कुमारिल भट्टांसारखे मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे पंडित, त्या हिशेबाने पक्के आस्तिक ठरतात. माहिती म्हणून उत्तम. पण आज कुणी ‘मी नास्तिक आहे’ म्हणालं, तर त्याचं वेदांबद्दल काय मत आहे हे विचारायला कुणी जात नाही. तेव्हा पुढे जाऊ.

अज्ञेयवाद म्हणजे मिळमिळीत भूमिका, हा समज त्या वादाला नाव देणाऱ्या माणसाचं एक पत्र वाचलं तरी गळून पडावा. टॉमस हेन्री हक्सली हा डार्विनचा खंदा पाठीराखा. सप्टेंबर १८६० मध्ये त्याचा थोरला मुलगा नोएल स्कार्लेट फीव्हरने गेला. पोराला चार वर्षंही पुरी झाली नव्हती. चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशक मित्राने परलोकाची आशा दाखवणारं सांत्वनाचं पत्र पाठवलं. हक्सलीने २३ सप्टेंबरला त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात तो म्हणतो, की माणसाचं अमरत्व मी नाकारतही नाही आणि मानतही नाही. ते मानायला मला कारण दिसत नाही, आणि ते खोडून काढायचं साधनही माझ्यापाशी नाही. पुढे दफनाच्या वेळचा प्रसंग येतो. मेलेले पुन्हा उठणार नसतील तर खाऊ, पिऊ, कारण उद्या मरायचंच आहे, असं बायबलमधलं वाक्य धर्मगुरूने वाचलं आणि हक्सलीच्या अंगाची आग झाली. माझं लेकरू गेलं म्हणून मी जनावर व्हायचं? अरे, माकडाचं पिल्लू मारलं तर ते माकडही शोक करतं, लगेच खादाडीला लागत नाही! पोटच्या पोराच्या शवपेटीशेजारी उभं राहून, हाताशी आलेला दिलासा ‘पुरावा नाही’ म्हणून परत करणाऱ्या माणसाला कुंपणावरचा म्हणायचं?

पुढे १८६९ मध्ये लंडनच्या मेटाफिजिकल सोसायटीत, जिथे आर्चबिशपपासून जडवाद्यांपर्यंत प्रत्येकाला आपापला ‘वाद’ होता, तिथे शेपूट तुटलेल्या कोल्ह्यासारखं आपल्यालाच शेपूट नाही असं वाटून हक्सलीने स्वतःसाठी हा शब्द बनवला. वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, त्याने त्याचा खुलासा केला: हा पंथ नाही, ही पद्धत आहे. बुद्धी नेईल तिथवर जा, आणि जे सिद्ध झालेलं नाही ते सिद्ध झाल्याचा आव आणू नका. आता याच हक्सलीने बायबलमधल्या त्या प्रसिद्ध गोष्टीचं काय केलं? येशूने माणसांतून पिशाच्चं काढली, ती डुकरांत शिरली आणि सगळा कळप समुद्रात जाऊन बुडाला, ही ती गोष्ट. तिच्यापुढे त्याने ‘सांगता येत नाही’ म्हणून हात जोडले नाहीत. चर्चच्या विद्वानांशी आणि नंतर पंतप्रधानपद भूषवलेल्या खुद्द ग्लॅडस्टनशी त्याने त्यावरून जाहीर भांडण केलं आणि ती गोष्ट साफ धुडकावली. विश्वाच्या आदिकारणाबद्दल तो अज्ञेयवादी होता, डुकरांत शिरणाऱ्या पिशाच्चांबद्दल मुळीच नव्हता. मला जो फरक म्हणायचाय तो हाच.

भित्रेपणाच्या आरोपात तथ्यच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सप्टेंबर १८८१ मध्ये एडवर्ड एव्हलिंग आणि लुडविग बुखनर हे दोन नास्तिक डार्विनच्या घरी जेवायला गेले. डार्विनने त्यांना विचारलं, तुम्ही स्वतःला नास्तिक का म्हणवता? मी अज्ञेयवादी म्हणणं पसंत करतो. एव्हलिंगने उत्तर दिलं, की अज्ञेयवादी म्हणजे प्रतिष्ठित नास्तिक आणि नास्तिक म्हणजे आक्रमक अज्ञेयवादी, एवढाच काय तो फरक. यावर डार्विनने विचारलं, पण एवढं आक्रमक कशाला व्हायचं? हा प्रश्न डाउन हाउसच्या जेवणाच्या टेबलावरून विचारणं सोपं होतं. त्याच सुमाराला चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक नॉर्दम्प्टनमधून १८८० मध्ये पार्लमेंटवर निवडून आला, आणि देवाच्या शपथेच्या प्रश्नावरून त्याला सभागृहात बसू दिलं गेलं नाही. एक रात्र कोठडीत गेली, मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलं, तरी जागा मिळायला १८८६ उजाडलं. ज्या काळात ब्रॅडलॉ दाराबाहेर होता, त्याच काळात, १८८३ ते १८८५, हक्सली रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. तेव्हा एका शब्दाला कोट-टाय आणि दुसऱ्याला कामगारवस्तीचा वास, असा वर्गभेद त्या दोन नावांत होताच. ब्रॅडलॉच्या झगड्यामुळे १८८८ चा कायदा झाला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षी तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला येऊन गेला.

पण इंग्लंडचा हा हिशेब पुण्याला लावून पाहा, तो जुळत नाही. गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर हे इंग्लिश विचारवंत वाचून अज्ञेयवादाकडे आले. नास्तिकाचा डिंडिम त्यांनी पिटला नाही. देवतांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उपजल्या आणि वाढल्या, याची चिकित्सा केली. त्यांचं ‘सुधारक’ हे पत्र १८८८ मध्ये निघालं आणि पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकर हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. एका अज्ञेयवाद्याची! उलट सर्वसाक्षी ईश्वर मानणारे प्रार्थना समाजाचे न्यायमूर्ती रानडे आणि ‘निर्मिका’वर श्रद्धा असलेले जोतीराव फुले यांनाही शिव्याशाप काही कमी मिळाले नाहीत. म्हणजे आपल्याकडे समाजाचा राग देव मानण्या-न मानण्यावर फारसा नव्हता. रूढीला कोण हात घालतो, यावर होता. मग ‘नास्तिक शूर, अज्ञेयवादी भित्रा’ ही मोजपट्टी महाराष्ट्रात कुठून लागू व्हायची?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो, आणि त्यासाठी लंडनला जायची गरज नाही. सांख्य या प्राचीन दर्शनाच्या सूत्रांत एक सूत्र आहे: ‘ईश्वरासिद्धेः’. ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. सोळाव्या शतकातला भाष्यकार विज्ञानभिक्षू, जो स्वतः ईश्वर मानणारा, इथे वाचकाला थांबवतो. तो म्हणतो, सूत्रकाराने ‘असिद्धेः’ म्हटलंय, ‘ईश्वराभावात्’ म्हटलेलं नाही. सिद्ध न होणं वेगळं आणि नसणं वेगळं. त्याचा हेतू सांख्यांना ईश्वराच्या पंक्तीत आणून बसवण्याचा होता हे उघड आहे. तरी हक्सलीच्या सुमारे तीनशे वर्षं आधी अज्ञेयवाद आणि नास्तिक्य यांच्यामधली रेघ त्याने एका शब्दाच्या फरकात ओढून दाखवली, हे मान्य करावंच लागेल.

पण असिद्ध असलेली गोष्ट ‘नाहीच’ असं कधीच म्हणता येत नाही का? इथे कुमारिल भट्टांच्या परंपरेतले भाट्ट मीमांसक आणि धर्मकीर्तीसारखे बौद्ध तार्किक फार कामाला येतात. एरवी त्यांचं एकमेकांशी पटत नाही, पण या बाबतीत त्यांची दिशा एक आहे. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? उजेड आहे, डोळे धड आहेत, घडा ही दिसण्याजोगी वस्तू आहे, असता तर दिसला असता, दिसत नाही, म्हणून नाही. हे ज्ञान आहे, नुसता अंदाज नव्हे. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. दिसण्यास योग्य असलेल्या वस्तूचं न दिसणं हा तिच्या अभावाचा पुरावा होतो. त्याच जागी पिशाच आहे का, असं विचारलं तर? पिशाच स्वभावतःच अदृश्य असं तुम्हीच म्हणता, तर ते दिसत नाही एवढ्यावरून ते नाही हे ठरत नाही. तिथे संशयच राहतो. घडा आणि पिशाच, ही जोडी आपल्या तर्कशास्त्रात शतकानुशतकं वापरली गेली. ‘अभाव सिद्ध करता येत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्या आजच्या वक्त्यांनी ती एकदा पाहावी. अभाव सिद्ध करता येतो. वस्तू कोणती, त्यावर ते अवलंबून.

मग देव हा घडा की पिशाच? उत्तर देणाऱ्यावर आहे. पाळणा वाहीन, मूल होऊ दे. नारळाचं तोरण बांधीन, ऑपरेशन नीट होऊ दे. असं ज्याला म्हणतात तो नवसाला पावणारा देव जगात ढवळाढवळ करतो, हा त्याच्याबद्दलचा दावाच आहे. तो पावत असेल तर पावल्याचा फरक मोजता यायला हवा. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८७२ मध्ये साधा सवाल केला होता: इंग्लंडभरच्या चर्चमधून राजाच्या दीर्घायुष्यासाठी दर रविवारी प्रार्थना होते, तर राजे इतर सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त जगतात का? आकडे उलटे निघाले, राजघराण्यातली माणसंच लवकर गेली. ही थट्टा वाटली तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतला प्रयोग घ्या. बायपास झालेले १८०२ रुग्ण. काहींसाठी अनोळखी भाविकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे या दोन्ही गटांना सांगितलं नव्हतं. पहिल्या गटात ५२ टक्के लोकांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्के. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे’ असं कळवलं होतं. त्यात ५९ टक्के. बिचाऱ्यांना बहुधा वाटलं असेल, आपली तब्येत इतकी का बिघडली आहे!

भाविक इथे म्हणेल, देव काही परीक्षेला बसलेला विद्यार्थी नाही; त्याला आजमावायला गेलात तर तो पावणारच नाही. आक्षेप पोकळ नाही, प्रेमाच्या नात्यातही चाचण्या घेतल्या की नातं बिघडतं. पण मग याच न्यायाने शेजारच्या काकूंची गाठ विरघळली, हाही पुरावा धरू नका. निकाल बाजूने लागला तर देवाचा कौल आणि विरुद्ध लागला तर ‘देवाची परीक्षा पाहू नये’, हे दोन्ही एकाच तोंडाने चालायचं नाही. नवसाच्या देवाबाबत आपल्याकडे उजेड आहे, डोळे आहेत आणि घडा दिसत नाही. इथे ‘मी अज्ञेयवादी आहे’ म्हणणं ही नम्रता नाही, आळस आहे.

सर्वशक्तिमान आणि परमदयाळू देवाचं प्रकरण याहून अवघड. त्याच्याविरुद्ध मोजमाप लागत नाही, एक बातमी पुरते. अनंत चतुर्दशीला बाप्पाला निरोप देऊन, गुलाल अंगावर तसाच घेऊन किल्लारी आणि आसपासची गावं झोपली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळून हजारो माणसं गेली. ज्याच्या हातात सगळं आहे आणि ज्याच्या मनात फक्त दया आहे, त्याच्या राज्यातली ही पहाट कशी समजायची? कर्मसिद्धांत, देवाची लीला, मोठ्या योजनेतला आपल्याला न कळणारा भाग, ही उत्तरं मला ठाऊक आहेत, आणि ती देणारे सगळेच लबाड असतात असंही नाही. ‘आपल्याला न कळणारा भाग’ हे त्यातलं सगळ्यात भक्कम. पण ते स्वीकारलं की देवाला दयाळू म्हणायचा आधारही हातातून जातो, कारण न कळणाऱ्या योजनेत क्रौर्यही बसू शकतं. या देवाबाबत मी नास्तिक आहे. नवसाच्या देवाबाबत जितका ठाम आहे तितका नाही, एवढं कबूल.

आणि तिसरा तो निर्गुण, निराकार, वाणीच्या पलीकडचा. किंवा विश्व असण्यामागचं कुठलंसं अंतिम कारण. तो नवसाला पावत नाही, भूकंप थांबवत नाही, तो काही करतो असा दावाच नाही. हा पिशाचाच्या जातीचा प्रश्न आहे (तर्कातल्या पिशाचाच्या, गैरसमज नको). ऋग्वेदातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून झाली हे विचारत विचारत शेवटी म्हणतं, परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे त्यालाच ते ठाऊक असेल, ‘यदि वा न वेद’, किंवा त्यालाही नसेल. यापुढे नास्तिकाने ‘नाहीच’ म्हणून टेबलावर मूठ आपटली, तर अहंकाराचा टोमणा त्याला खरोखर लागू पडतो. आणि नास्तिक हे करतात. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा चमचा सोंडेला टेकवून जरा तिरका धरला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ पापुद्र्यासारखं खाली ओघळतं, हे कार्यकर्त्यांनी चौकाचौकांत करून दाखवलं. काम चोख होतं. पण त्यातून मूर्ती दूध पीत नाही एवढंच सिद्ध झालं. संध्याकाळच्या भाषणात त्याचंच ‘म्हणून देव नाही’ झालं, की चमच्याएवढ्या पुराव्यावर समुद्राएवढा निष्कर्ष काढल्यासारखं होतं.

यावर नास्तिकाचंही एक सडेतोड उत्तर आहे. तो म्हणतो, तुमचा हा निर्गुण देव वादापुरताच बाहेर येतो. प्रश्न विचारला की देव निर्गुण, आणि वाद संपला, आरतीचं ताट आलं की पुन्हा सगुण, तोच नवसाला पावणारा, तोच मासिक पाळीच्या नियमांवर रागावणारा. हे निरीक्षण शंभर टक्के खरं आहे आणि आपल्या वादांतली सगळ्यात मोठी लबाडी इथेच आहे. वारकरी संप्रदायाने सगुण-निर्गुण एकच मानलं, पण ते भक्तीच्या अनुभवातून, जवळिकीसाठी; कोर्टातल्या वकिलासारखं साक्ष फिरवण्यासाठी नव्हे. म्हणून तर शीर्षकातला प्रश्न आधी विचारायला हवा, आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवायला हवं.

बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने ही दुहेरी स्थिती मोकळेपणाने सांगितली होती. तत्त्वज्ञांपुढे बोलताना मी स्वतःला अज्ञेयवादी म्हणेन, कारण देव नाही हे मी निर्णायकपणे सिद्ध करू शकत नाही. पण रस्त्यावरच्या माणसाला सांगायचं तर नास्तिक म्हणेन, कारण होमरच्या महाकाव्यांतले देव नाहीत हेही मी तसं सिद्ध करू शकत नाही, म्हणून मी त्यांच्याबाबत अज्ञेयवादी आहे असं कुणी म्हणत नाही. (याच रसेलला १९१८ मध्ये युद्धविरोधाबद्दल ब्रिक्स्टनच्या तुरुंगात नेलं, तेव्हा फाटकावरच्या शिपायाने धर्म विचारला. ‘अज्ञेयवादी’ म्हटल्यावर शिपायाने स्पेलिंग विचारून घेतलं आणि उसासा टाकला: धर्म पुष्कळ आहेत, पण सगळे एकाच देवाला भजतात म्हणा. रसेल म्हणतो, या वाक्यावर माझा आठवडा आनंदात गेला.) रसेलच्या मुद्द्याला अजून धार लावता येईल. झ्यूसबद्दल आपण ‘सांगता येत नाही’ म्हणत नाही, भानामतीबद्दल म्हणत नाही, आणि शेजारधर्मातल्या चमत्कारांबद्दल तर मुळीच नाही. मग ही सवलत फक्त आपल्या घरच्या देवालाच का? ज्या देवाचे भक्त आज हयात आहेत आणि पंगतीला आपल्या शेजारी बसतात, त्याच्यापुरता अज्ञेयवाद हा शिष्टाचार झाला. शिष्टाचार वाईट नाही, पण त्याला तत्त्वज्ञान म्हणू नये.

आपल्याकडे स्वतःला अज्ञेयवादी म्हणवणाऱ्या मोठ्या वर्गाचं खरं ब्रीद तर ‘विषाची परीक्षा कशाला?’ हे आहे. नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू, फ्लॅट घेतला की सत्यनारायण, साडेसाती लागली की शनीला तेल. आणि विचारलं तर ‘माझा तसा विश्वास नाही, पण असलंच काही तर?’ हा विम्याचा हप्ता आहे. पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने ही पैज, म्हणजे देव असलाच तर म्हणून मानून ठेवावा, सतराव्या शतकात मांडली, तेव्हा त्याच्यासमोर एकच देव होता. आपल्याकडे हप्ते किती ठिकाणी भरायचे? आणि एका कंपनीचा हप्ता भरला म्हणून दुसरी कोपली तर? विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये अज्ञेयवाद्यांना जे सुनावलं, ते इथे लागू होतं: काही बाबतींत निर्णय न घेणं हाही निर्णयच असतो. जगताना मधली जागा नसते. माणूस हात जोडतो किंवा जोडत नाही. हे मला मान्य आहे. पण त्यातून जेम्सने काढलेला निष्कर्ष, की म्हणून श्रद्धेची निवड करण्याचा हक्क आहे, तो मला पुरत नाही. पुरावा नसताना हात न जोडणं हेही तितकंच जगून दाखवता येतं. हक्सलीने दाखवलं.

प्रामाणिक अज्ञेयवादी आणि निसटणारा अज्ञेयवादी यांच्यातला फरक अडीच हजार वर्षांपूर्वी राजगृहात एका राजाच्याही लक्षात आला होता. दीघ निकाय या बौद्ध ग्रंथातल्या सामञ्ञफल सुत्तात अजातशत्रू बुद्धाला सांगतो, की मी एकेका आचार्याकडे जाऊन आलो. संन्यासाचं इथेच दिसणारं फळ काय, एवढा साधा त्याचा प्रश्न. संजय बेलट्ठिपुत्ताने उत्तर दिलं: परलोक आहे असं मला वाटत असतं तर आहे म्हटलं असतं, पण मी तसं म्हणत नाही, तसं नाही असंही म्हणत नाही, नाही असं नाही, असंही म्हणत नाही. राजा वैतागून म्हणतो, आंब्याबद्दल विचारावं आणि फणसाच्या जातीच्या फळाबद्दल उत्तर मिळावं, तसं झालं. या सगळ्यांत हा सर्वांत मूढ. अशा बोलण्याला बौद्ध ग्रंथांनी अमराविक्खेप, म्हणजे ईल माशासारखं निसटणं, असं नाव दिलं. बुद्धही जगाच्या आदि-अंताच्या प्रश्नांवर गप्प राहत असे, मालुंक्यपुत्त या भिक्षूने हट्ट धरला तेव्हाही राहिला. पण त्याने गप्प राहण्याचं कारण सांगितलं: विषारी बाण लागलेल्याने आधी बाण काढावा, बाण मारणाऱ्याची जात-गोत्र विचारत बसू नये. संजय कारण सांगत नाही. ‘मला माहीत नाही’ या वाक्यापुढे ‘कारण’ हा शब्द येतो की नाही, एवढं पाहिलं तरी खरा अज्ञेयवादी ओळखू येतो.

उरला प्रश्न सार्वजनिक जीवनाचा, आणि तिथे आपली गल्लत सर्वात मोठी आहे. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर गावोगाव एकाच व्यासपीठावर बसून वाद-संवाद करत. देव ही कल्पना कालबाह्य झाली, तिला आता निवृत्त करा, असं लागू रोखठोक सांगत. देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, ही अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीची भूमिका दाभोलकर मांडत. प्रेक्षकांतल्या अनेकांना वाटे, लागू खरं बोलतात आणि दाभोलकर धोरणीपणाने. मला ते कधी पटलं नाही. दाभोलकर वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होते: देव आहे का, हा नव्हे, तर कुणाच्या अंगात आलं म्हणून बाईला मारहाण करायची का, हा. त्या प्रश्नाला आस्तिक, नास्तिक, अज्ञेयवादी तिघांनी एकच उत्तर द्यायला हवं. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, आणि त्यानंतरच जो जादूटोणाविरोधी कायदा आला त्यात देव नाकारणारं एकही कलम नाही.

संविधान सभेने हे फार आधी ओळखलं होतं. १७ ऑक्टोबर १९४९ ला एच. व्ही. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी अशी दुरुस्ती मांडली. मतं पडली: बाजूने ४१, विरोधात ६८. हे ६८ जण नास्तिक होते का? मुळीच नाही. देवाला मताला टाकण्याची पाळी आमच्यावर आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. श्रद्धेच्या बाबतीत समूहाचं मत व्यक्तीवर लादू नये, हा हृदयनाथ कुंझरूंचा आक्षेप होता. म्हणून आज आमदार ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो, आणि कुठली घेतली यावरून त्याची जागा जात नाही. ब्रॅडलॉला सहा वर्षं लागली, ते आपल्याला पहिल्या दिवसापासून मिळालं.

सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं: कुठल्याही नागरिकाला आपला धर्म जाहीर करायची सक्ती सरकारला करता येणार नाही, आणि ‘मला धर्म नाही’ असं म्हणण्याचा त्याला हक्क आहे. पण ही याचिका करणारे नास्तिक नव्हते, अज्ञेयवादीही नव्हते. त्यांची येशूवर श्रद्धा होती. त्यांना फक्त कुठला धर्म म्हणून ओळख नको होती. २०११ च्या जनगणनेत ‘धर्म नमूद नाही’ या सदरात आलेल्या सुमारे २८.७ लाख लोकांना सरसकट नास्तिक समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. त्यांत घाईत रकाना कोरा राहिलेलेही असतील आणि रोज देवाला दिवा लावणारेही. आता अधूनमधून मागणी होते, की जनगणनेच्या अर्जात ‘नास्तिक’ आणि ‘अज्ञेयवादी’ असे स्वतंत्र रकाने हवेत. ‘निधर्मी’ लिहिण्याची सोय हवी, ही मागणी रास्तच. धर्माचा प्रश्न सरकार विचारतं, तर ‘नाही’ हेही त्याचं उत्तर असायला हवं. पण त्याच्या पुढची मागणी मला धोक्याची वाटते. प्रगणकाने दारात उभं राहून तुम्ही देव मानता का, मानत नसाल तर ठामपणे की संशयाने, हे विचारायचं आणि सरकारी वहीत लिहून न्यायचं? तो अधिकार आपण हौसेने दिला, तर पुढे कुठल्या सरकारने ती यादी कशासाठी उघडावी, यावर आपला काय ताबा राहणार आहे?